इवायापेक्षा एक काडी जास्त

"खर्रा भित्र्या मानसाले लागते," सूर्यभान गावंडे भर साक्षगंधात, सतरंजीवर मांडी ठोकून सांगत होता. "मी बत्तीस वर्सं झाले खाऊन राहिलो. दात पाहा, दाढ पाहा. आपलं तोंड म्हंजे कायी जमीन हाय राजेहो. काईबी टाका, जिरते."

एवढं बोलून थांबला असता तरी निभावलं असतं. पण पुरावा द्यायचा म्हणून त्यानं समोरच्या प्लेटीतलं मिरचीचं भजं उचललं. भजं तोंडाशी नेलं, तर ते आडवं जाईना आणि उभंही जाईना. मग त्यानं कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याचे दोन तुकडे केले आणि एक आत सरकवला. मिरची गालाला आतून लागली मात्र, तोंडात इस्तो पेटला. सूर्यभान ताडकन उठला, जवळात जवळ जे पाणी दिसलं त्याचं भांडं उचललं आणि घटाघटा प्याला. ते भांडं म्हणजे पूजेचा कलश होता. आंब्याची दोन पानं मिशीला चिकटली, आणि राजापेठेतलं ते अख्खं मंगल कार्यालय हसून लोटपोट झालं.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, होतं त्याच्याच पोराचं. बार्शीटाकळीचा कुलदीप आणि अमरावतीची आकांक्षा. मुलीचे वडील नत्थुजी इंगोले, राजापेठेत हार्डवेअरचं दुकान, बोलणं मऊ, कपडे पांढरेफटक. त्यांनीही त्याच वेळी तेच भजं खाल्लं होतं. त्यांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण ते जागचे हलले नाहीत, नुसते पोरीकडं बघत राहिले.

"पाहा, बापाचं काळीज कसं असते," बायका पदर डोळ्याला लावून म्हणाल्या.

सूर्यभाननं मिशीची पानं काढली आणि नत्थुजींकडं पाहिलं. तीच मिरची, तेच डोळे. आपण रडलो तर लोक हसले, हा रडला तर लोक हळहळले. असा कसा न्याय?

सगळ्यांत फसली नाही ती एक दामिनी. ती नत्थुजींची भाची, अमरावतीच्याच एका कॅन्सरच्या दवाखान्यात तोंडाची आणि मानेची ऑपरेशनं करणारी डॉक्टर. तिनं मामाचे डोळे पाहिले, सूर्यभानचा कलश पाहिला, आणि दोघांना स्वयंपाकाच्या खोलीत नेऊन मोबाइलचा टॉर्च लावला.

"काका, आ करा."

"केला ना," सूर्यभान म्हणाला.

"अजून मोठा करा."

"अवो बाई, हाच मोठा हाय."

दामिनीनं आत पाहिलं. मग मामाच्या तोंडात पाहिलं. मग टॉर्च बंद केला. "उद्या सकाळी उपाशीपोटी दोघंही माझ्याकडं या," ती म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी सूर्यभाननं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मोरीत टाकली.

पोरापोरीचे बावीस गुण जुळले होते, व्याह्यांचे छत्तीसच्या छत्तीस जुळले. दोघांना कॅन्सर उजव्या गालात, दोघांना खर्र्यानं, दोघांचंही ऑपरेशन, तेही एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात, आणि खाटासुद्धा शेजारशेजारी. लग्न पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर ढकललं.

फरक एकच होता. सूर्यभानची दुसरी स्टेज, नत्थुजींची चौथी.

"चौथी म्हंजे सगळ्यात वरची ना?" सूर्यभाननं बायकोला विचारलं.

"हाव," गोदाबाई म्हणाली.

"मंग मले काहून दुसरीच देल्ली?"

"ते का सरकारी नोकरीचं प्रमोशन हाय?" गोदाबाई कडाडली. "कमी हाय ते बरं हाय! नारळ फोडला म्या दर्ग्यावर आन् मारोतीवरबी!"

सूर्यभानला कळत होतं. अगदीच येडा नव्हता तो. पण भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी नत्थुजींच्या खाटेकडं वळायचा, डोक्यावरून हात फिरवायचा, नाक ओढायचा, आणि मग जाता जाता सूर्यभानला म्हणायचा, "तुमचं तं काईच नाई जी, सेकंड स्टेज!" जसं काही तो पावसात भिजून आला होता. बार्शीटाकळीहून जीप करून आलेले त्याचे सख्खे चुलतभाऊसुद्धा पाऊण तास नत्थुजींजवळ बसले, आणि सूर्यभानजवळ फक्त डबा ठेवायला आले.

ऑपरेशनातही तेच. सूर्यभानचं पाच तासांत आटोपलं. गालातला भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या, आणि गाल भरायला छातीचं कातडं वर फिरवून घेतलं. नत्थुजींचं अकरा तास चाललं, कारण त्यांचा अर्धा जबडाही काढावा लागला. तो जबडा दामिनीनं आणि तिच्या वरच्या सरांनी पायाच्या हाडातून घडवला. पायाचं हाड! हाडाबरोबर रक्ताच्या नळ्या, त्या मानेतल्या नळ्यांना दुर्बिणीखाली शिवलेल्या. शिकाऊ डॉक्टरांची झुंड रोज सकाळी यायची आणि नत्थुजींभोवती उभी राहायची.

"यांना काय केलं?" एकानं सूर्यभानकडं बोट करून विचारलं.

"छातीचा फ्लॅप. साधा," दुसरा म्हणाला, आणि झुंड पुढं गेली.

'साधा' हा शब्द सूर्यभानच्या टाक्यांपेक्षा जास्त दुखला. त्याला बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहावं लागायचं. त्यानं पाटी उचलली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'छातीवर केस हाये. पायापेक्षा जास्त.' ते खरंच होतं, आणि पुढं महिनाभरानं त्यातले दोनचार केस गालाच्या आतून उगवलेही. रेडिएशनचा शेक दिल्यावर गळून जातील, असं दामिनी म्हणाली. पण तोवर सूर्यभान येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडात टॉर्च मारून दाखवायचा. आतून मिशी असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि नत्थुजींजवळ ती नव्हती.

जेवण दोघांचंही नाकातल्या नळीतून. आता नळीतून गेलेल्या जेवणाला चव कसली? पण नळी पारदर्शक होती, हा घोटाळा झाला. नत्थुजींच्या बायकोनं, ज्योत्स्नाबाईंनी, मिक्सरमधून काढलेलं बदाम-केशराचं दूध आणलं, आणि पिवळाधमक रंग नळीतून वर चढताना सूर्यभाननं पाहिला. त्याच्या नळीतून जात होतं ते वरणाचं पाणी.

त्यानं पाटी घेतली. 'केसर.'

"तोंडाले लागत नाई आन् कायचं केसर?" गोदाबाई म्हणाली.

'केसर. काजू. बदाम. त्याईच्यापेक्षा घट्ट.'

गोदाबाईनं दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पाट्यावर वाटलं, कारण मिक्सर बार्शीटाकळीला होता. ते दूध नळीत अर्ध्यावर गेलं आणि तिथंच थांबलं. सिस्टरनं पाणी ढकललं, मग सोडा ढकलला, मग नशिबाला बोल लावला. शेवटी नळी काढून दुसरी घालावी लागली. नवी नळी नाकातून उतरताना सूर्यभानचे डोळे असे वाहिले की शेजारून व्याह्यांनी, नत्थुजींनी, पाटी वर धरली: 'इवाई, हिंमत ठेवा.' सूर्यभानला ती हिंमतही त्यांच्याच हस्ताक्षरात नको होती.

पण गाठींचा रिपोर्ट आला त्या दिवशी गोष्ट जरा वेगळी झाली. सूर्यभानच्या मानेतून बत्तीस गाठी काढल्या होत्या, सगळ्या साफ. नत्थुजींच्या एकेचाळीसपैकी तीन खराब. दामिनीनं हळू आवाजात मामाला सांगितलं, शेकासोबत सलाइनची औषधंही घ्यावी लागतील. ती गेली. नत्थुजींनी पाटीवर काहीतरी लिहिलं, बराच वेळ बघत बसले, मग शर्टाच्या बाहीनं पुसून टाकलं. काय लिहिलं होतं ते सूर्यभानला दिसलं नाही.

त्यानं आपली पाटी उचलली. तिच्यावर लिहिलं, 'बदाम पाठवू?'

नत्थुजींनी मान हलवली. दोघंही हसले असावेत. टाके ताजे असलेला माणूस हसला की रडला, ते बाहेरून समजत नाही.

हेव्याची ही शरम सूर्यभानला दुपारपर्यंत पुरली. दुपारी नत्थुजींना औषधासाठी वेगळी खोली मिळाली, टीव्हीसकट, आणि सूर्यभान पुन्हा जागेवर आला.

शेकांचा दीड महिना गेला. शेक घेताना डोकं हलू नये म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवतात. शेवटच्या दिवशी तो घरी देतात. सूर्यभानचा मुखवटा कुलदीपनं तुरीच्या वावरात बुजगावणं म्हणून उभा केला. पाखरं आली नाहीत, हे खरं. पण तण निंदणाऱ्या बायाही आल्या नाहीत. "मालक खांबावर टांगला दिसते," म्हणत त्या बांधावरूनच परत फिरल्या. नत्थुजींनी आपला मुखवटा दुकानाच्या काचेत ठेवला, तर परतवाड्याच्या एका गिऱ्हाइकानं त्याचा भाव विचारला, असं कुलदीपनं भोळेपणानं घरी येऊन सांगितलं.

"भाव विचारला?" सूर्यभान म्हणाला. आता त्याला बोलता येत होतं, म्हणजे घोंगडीआडून आल्यासारखं, पण गोदाबाईला सगळं समजायचं. "आपल्याले कोनं भाव देल्ला का कधी?"

"म्या देल्ला ना तीस वर्सं," गोदाबाई म्हणाली. "तोच चुकला माया."

खरी लढाई तपासणीच्या दिवशी सुरू झाली. दामिनीनं दोघांना शेजारी बसवलं आणि सांगितलं, "आजार गेलाय असं दिसतं. आता तोंडाचं बघा. शेकानं आतली कातडी आखडते. रोज ताणली नाही तर तोंड कुलूप लागल्यासारखं बंद होईल. मग जन्मभर पातळ खायचं, स्ट्रॉनं."

"किती उघडलं पाह्यजे?" सूर्यभाननं विचारलं.

"तीन बोटं उभी गेली पाहिजेत. आत्ता तुमच्यात एक जातं."

"आन् यांच्यात?"

दामिनीनं कपाळाला हात लावला. "मामाच्यात एक आणि थोडं."

ते 'थोडं' सूर्यभानच्या काळजात रुतलं. तिथंच, डॉक्टरच्या टेबलावर हात आपटून त्यानं जाहीर केलं, "पोराच्या लग्नात मी पंगतीत बसून, हातानं, घास घेऊन जेवीन. स्ट्रॉनं नाई. आन् ह्याईच्यापेक्षा मोठा घास घेईन."

"पाहू ना इवाई," नत्थुजी मऊ आवाजात म्हणाले. "पंगत तं आमच्याच दारी हाय."

व्यायाम शिकवणारी अमरीन नावाची एक तरतरीत पोरगी होती. तिची पद्धत साधी. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या घ्यायच्या, एकावर एक रचून गठ्ठा करायचा, तो वरच्या-खालच्या दातांमध्ये धरायचा, आणि दर दोनतीन दिवसांनी मधोमध एक काडी सरकवायची. वीस काड्या म्हणजे जवळजवळ तीन बोटं. "दुखेल काकाजी, पर छोडना नै," ती म्हणाली. "और हर हफ्ते मेरेकू नंबर भेजना."

पहिल्या दिवशी सूर्यभान सात, नत्थुजी नऊ.

कुलदीपनं मोबाइलवर ग्रुप काढला, 'लग्नाची तयारी'. त्यात मांडववाल्याचा नंबर, बँडवाल्याचा नंबर आणि दर रविवारी दोन्ही व्याह्यांच्या काड्या यायच्या. सूर्यभान आठ, नत्थुजी दहा. सूर्यभान नऊ, नत्थुजी अकरा. नातेवाईक अंगठे दाखवायचे, हार-फुलं पाठवायचे. अकोल्याच्या एका मावसभावानं तर 'इंगोले साहेब आगे बढो' असं लिहिलं, आणि तो मावसभाऊ सूर्यभानचा होता.

दिवाळीच्या आधी सूर्यभानची गाडी दहावर अडली. दहावी काडी जायची, अकरावीला जबडा 'नाही' म्हणायचा. त्यानं कढत पाण्याचा शेक दिला, मारोतीला तेल वाहिलं, गोदाबाईवर ओरडून तोंड सैल होतं का तेही पाहिलं. काही नाही. रविवारी नत्थुजींचा आकडा आला, चौदा.

त्या दिवशी सूर्यभान बार्शीटाकळीच्या बाजारातून पॉलिश पेपर घेऊन आला. पायरीवर बसून त्यानं एकेक काडी घासली.

"हे का करून राहिले?" गोदाबाईनं विचारलं.

"खरखरीत हाय. तोंडाले टोचते."

पुढच्या रविवारी सूर्यभान पंधरा. ग्रुपमध्ये हारांचा पाऊस. मग नत्थुजी सतरा. सूर्यभाननं आणखी घासल्या, अठरा. नत्थुजी वीस. सूर्यभाननं घासून घासून अंगठ्याची कातडी काढली, पण बावीस पाठवले आणि खाली लिहून टाकलं, 'लग्नात अख्खा लाडू जाईल.' आकडा पाठवला की त्याला आतून एवढं गार वाटायचं की तोंड खरंच उघडलंय असं तो मानू लागला. गोदाबाईनं वाढलेला घट्ट भात मात्र दातांपाशीच राहायचा, आणि ती काही न बोलता त्यात ताक ओतून पेला पुढं सरकवायची. सूर्यभान भिंतीकडं तोंड करून तो प्यायचा.

लग्नाच्या आठ दिवस आधी तपासणी होती. दामिनीच्या खोलीत अमरीनही होती. "माशाल्ला, बावीस और चौबीस!" ती म्हणाली. "दिखाओ तो गठ्ठे."

चोवीस? सूर्यभाननं झटकन नत्थुजींकडं पाहिलं. हे चोवीस त्यानं ऐकलेच नव्हते. नत्थुजींनी ते सकाळीच पाठवले होते.

अमरीननं दोन्ही गठ्ठे हातात घेतले. मग एक काडी खिडकीकडं धरली. "काकाजी, इसमेंसे तो उजेड दिख रहा."

दुसऱ्या गठ्ठ्यातली धरली. तिच्यातून खिडकीबाहेरचं निंबाचं झाडही दिसत होतं. हार्डवेअरवाल्याकडं पॉलिश पेपर दुकानातलाच, आणि तोही बारीक नंबरचा.

अमरीननं पर्समधून प्लास्टिकची पट्टी काढली आणि दोघांच्या तोंडात लावून मोजलं. तीन बोटांचे चाळीस मिलिमीटर व्हायला हवेत. सूर्यभान अठरा मिलिमीटर. नत्थुजी एकोणीस.

"एवढे आठवडे तुम्ही मला नाही, स्वतःला फसवलं," दामिनी म्हणाली. ती चिडली नव्हती, आणि तेच वाईट होतं. "मामा, काका, मी तुमची तोंडं पाच न् अकरा तास उभी राहून शिवली. ती तुम्ही बंद होऊ देताय. उद्या आत पुन्हा काही झालं तर मला बघायलासुद्धा जागा नाही."

नत्थुजींनी मान खाली घातली. सूर्यभाननंही घातली. पण खाली घातलेल्या मानेतही त्याचा हिशेब चालूच होता. एकोणीस. अठरा. इमानदारीनं मोजलं तरी हा मानूस माया एक पाऊल पुढंच!

जाताना जिन्यात नत्थुजी म्हणाले, "इवाई, तुमी कोनत्या नंबरचा पेपर वापरला?"

"ऐंशी."

"म्हनून तं मागं राहिले. दोनशे वीसचा पाह्यजे. मले मागाचा ना."

पुढचे आठ दिवस सूर्यभाननं खऱ्या काड्यांनी व्यायाम केला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. कानापासून हनुवटीपर्यंत कळा यायच्या. अकरावी काडी गेली. लग्नाच्या आदल्या दिवशी बारावीही गेली, लबाडी न करता, आणि त्याची डोळ्याची कड ओली झाली. गोदाबाई देवासमोर साखर ठेवायला गेली. परत आली तर सूर्यभान विचारत होता, "त्याचे किती झाले असतीन?"

लग्न अमरावतीला, दुपारच्या मुहूर्तावर, वेळेत लागलं. आकांक्षा छान दिसत होती, कुलदीपचा फेटा दोनदा घसरला, बँडवाल्यानं तिसऱ्यांदा तेच गाणं वाजवलं. मग मुख्य पंगत बसली. मधोमध पाट मांडून दोघं व्याही समोरासमोर, बाजूला दामिनी, अमरीन, जवळचे नातलग, आणि मागं तीनशे माणसं पत्रावळीवर. रीत अशी की व्याह्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी हात लावायचा नाही.

वरण वाढलं, वांग्याची भाजी वाढली, पुरणपोळी वाढली, तूप वाढलं. तीनशे माणसं थांबली.

सूर्यभान नत्थुजींकडं पाहत थांबला. नत्थुजी सूर्यभानकडं पाहत थांबले. आधी कोण घेतो आणि केवढा घेतो, हे पाहिल्याशिवाय दोघांनाही घेववेना. तूप थिजलं. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या ना बाप्पा, वरनावर साय आली!"

"इवाई," नत्थुजी शेवटी उठले, "आज माया हातानं." त्यांनी पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवला. तुकडा कसला, चांगली अर्धी पोळी गुंडाळली होती. "मुलीच्या बापाचा मान ठेवा. उघडा."

सूर्यभाननं तोंड उघडलं. पोळी जाईना.

"थोडं अजून. मायं तं आज दोन बोटं झालं," नत्थुजी मऊ आवाजात म्हणाले.

दोन बोटं! सूर्यभाननं डोळे मिटले, पाटाच्या कडा धरल्या, आणि नळीतलं वरणाचं पाणी, साधा फ्लॅप, परतवाड्याचं गिऱ्हाईक, मावसभावाचा आशीर्वाद, सगळं एकदम आठवून जबडा खाली ढकलला. कानाजवळ 'कट्' असा आवाज झाला. आणि तोंड उघडलं! भलं मोठं, वाड्याच्या दरवाजासारखं. पोळी आत गेली.

सूर्यभाननं डोळे उघडले. समोर नत्थुजींचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर, साक्षगंधापासून पहिल्यांदा, शुद्ध, तुपासारखी दाट जळफळ होती. सूर्यभानला वाटलं, आता मेलो तरी चालते.

मग त्यानं तोंड मिटायचा प्रयत्न केला. मिटेना.

"काका?" दामिनी उठली. "तोंड बंद करा."

"आ," सूर्यभान म्हणाला.

"अगं माय! सांधा निखळला!" दामिनीनं पोळी बोटानं बाहेर काढली, तोवर अमरीनची पट्टी निघाली होती. सवयच ती. "चाळीस!" ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

मागं तीनशे लोकांत आकडा पसरला. "चाळीस, चाळीस." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सूर्यभान तोंड वासून, लाळ गळत, दोन्ही हात जोडून सगळ्यांचा नमस्कार घेत होता.

नत्थुजींना ते पाहवलं नाही. "चाळीस तं मायंबी होते," ते म्हणाले, दोन्ही हातांची बोटं आपल्याच तोंडात घातली आणि वर-खाली ओढली. दामिनी "मामा, नको!" म्हणेपर्यंत ओठाचा कोपरा फाटला आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्त सांडलं.

दोघांनाही एकाच गाडीत घालून नेलं. दारात एकच गाडी सुटी उभी होती, झेंडूनं मढवलेली, वरातीची. गोदाबाई पुढं बसली. मागं एकीकडं वासलेलं तोंड, एकीकडं दाबलेला रुमाल. दवाखान्यात दामिनीनं अंगठे आत घालून सांधा बसवला आणि डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी अशी आवळली की सूर्यभानला सहा आठवडे बोट जाईल एवढंसुद्धा तोंड उघडायची बंदी झाली. नत्थुजींना ओठाला टाके घातले.

सूर्यभाननं खुणेनं पाटी मागितली. 'त्याले किती टाके?'

"चार," दामिनी म्हणाली.

'मले एकबी नाई?' त्यानं लिहिलं. गोदाबाईनं पाटी काढून घेतली आणि ज्योत्स्नाबाईंनी डब्यातून पाठवलेलं वरणाचं पाणी स्ट्रॉ घालून त्याच्या हातात दिलं.

इकडं कार्यालयात पंगतीनं थंड वरण जेवून घेतलं. गाडी दवाखान्यात अडकल्यामुळं नवरानवरी संध्याकाळच्या एसटीनं बार्शीटाकळीला निघाले. मूर्तिजापूरजवळ बस पंक्चर झाली.